पानाचा ताळेबंद

गेल्या दिवाळीत सावेडीला घरी गेलो, तेव्हा मी बनवलेली एक वेबसाइट आईला दाखवायला घेतली. तिचा फोन सहा वर्षांचा. पांढरा स्क्रीन, गोल फिरणारं चक्र. “राहू दे रे, माझाच फोन जुना झालाय,” आई म्हणाली. दोष फोनचा नव्हता. पहिल्याच पानावर आपोआप सुरू होणारा व्हिडिओ मीच टाकला होता.

हिशोब सोपा आहे. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेतं. म्हणजे हजार शब्दांचा मराठी लेख वीसेक केबीत मावतो. आजचं साधारण वेबपान मात्र 2 एमबीच्या वर जातं. बाकीचा भार फोटो, फॉन्ट, जाहिराती आणि वाचकावर पाळत ठेवणाऱ्या स्क्रिप्टचा. तो वाहायला सर्व्हरपासून टॉवरपर्यंत वीज लागते, आणि महाराष्ट्रातली बरीचशी वीज अजून कोळशावरच तयार होते. शिवाय चांगला चालता फोन ‘जुना’ ठरतो, ते वेगळंच.

यावरचं गाजलेलं उत्तर म्हणजे ‘लो-टेक मॅगझिन’ची 2018 मधली सौरऊर्जेवरची वेबसाइट. बार्सिलोनातल्या बाल्कनीत पॅनेल. बरेच दिवस ढगाळ गेले की साइट बंद. बॅटरी किती उरली, हे पानामागचा पिवळा रंग सांगतो. मला ती आवडते. पण मलाही आधी नक्कल करावीशी वाटली ती तिच्या दाणेदार फोटोंची. साधेपणाचीही फॅशन होते, ती अशी.

खरा मुद्दा पॅनेलचा नाही, मर्यादेचा आहे. तो शिकायला आम्हा नगरकरांना बार्सिलोना कशाला हवं? आमच्याच तालुक्यातलं हिवरे बाजार पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतं. आधी माणसं-जनावरं, मग शेती. ऊस-केळी नाही, शेतीसाठी बोअर नाही. पाणी आहे म्हणून उपसायचं नाही.

आम्ही मात्र नेट स्वस्त झालं म्हणून उपसत राहिलो. पानालाही आधी आकडा ठरवून द्यावा, समजा 500 केबी. पहिला मान मजकुराचा, मग एखादा फोटो, उरलं तर बाकीचं. आपोआप चालणारा व्हिडिओ हा आमचा ऊस.

पुण्याला परतल्यावर तो काढला. “साइट जरा रिकामी वाटतेय,” क्लायंट म्हणाला. त्याच रात्री आईचा फोन आला. दुसऱ्या परिच्छेदात शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या.