उद्योजकता-शिक्षणातील सल्लागार : पदनाम आणि प्रत्यक्ष
(पालमसारख्या तालुक्याच्या गावातून एक चिकित्सा)

उद्योजकता-शिक्षणाविषयी आपल्याकडे जे लेखन होते, त्यात अभ्यासक्रमाची चर्चा असते, शासकीय योजनांची यादी असते आणि यशस्वी उद्योजकांची चरित्रे असतात. विद्यार्थ्याने उद्योगाची कल्पना मांडल्यापासून तो उद्योग उभा राहीपर्यंत, किंवा मोडेपर्यंत, त्याच्या शेजारी महाविद्यालयातील कोण उभे असते, या प्रश्नाचा विचार मात्र क्वचितच होतो. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे. विद्यापीठ व संलग्न महाविद्यालये यांतील उद्योजकता-शिक्षणाचा भार ज्यांच्यावर आहे ते अध्यापक, शिक्षकेतर कर्मचारी आणि बाहेरचे सल्लागार यांचे स्थान धोरणात काय आहे आणि परभणी जिल्ह्यातील पालमसारख्या गावी प्रत्यक्षात काय होते, हे येथे तपासावयाचे आहे.

या व्यवस्थेची वंशावळ पाहिली म्हणजे तिच्यातील उणिवेचे मूळ सापडते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी १९६४ मध्ये आंध्रातील काकिनाडा येथील व्यावसायिकांना हैदराबादच्या संस्थेत सिद्धिप्रेरणेचे प्रशिक्षण दिले. उद्योजक जन्मावा लागत नाही, घडविता येतो, हा विश्वास आपल्याकडे रूढ होण्यात या प्रयोगाचा मोठा वाटा आहे. पुढे अहमदाबादला १९८३ मध्ये भारतीय उद्योजकता विकास संस्था आणि तत्कालीन औरंगाबादला १९८८ मध्ये महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र स्थापन झाले. या परंपरेचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. परंतु काकिनाड्याच्या प्रयोगातील प्रशिक्षणार्थी आधीच धंद्यात होते. त्यांच्यापाशी दुकान होते, उधारीची वही होती, बाजारात नाव होते. त्यांना प्रेरणा पुरेशी ठरू शकली, कारण बाकीचे सर्व त्यांच्या हाताशी होते. आपण ते प्रारूप उचलले आणि ज्याच्या घरात कोणी कधी पावतीपुस्तक छापले नाही अशा पदवीच्या विद्यार्थ्याला लावले. त्यामुळे प्रेरणा देणारा व्याख्याता हाच सल्लागार, असे समीकरण रूढ झाले. शिबिर संपते, प्रमाणपत्र मिळते आणि व्याख्याता परत जातो.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ ने या बाबतीत एक पाऊल पुढे टाकले, हे मान्य केले पाहिजे. नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य यांसाठी स्वतंत्र संचालकाचे पद कायद्यात आले. त्यापाठोपाठ केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या नवोपक्रम कक्षाने २०१८ पासून महाविद्यालयांत नवोपक्रम परिषदा स्थापण्यास आरंभ केला आणि २०१९ मध्ये विद्यार्थी व अध्यापक यांच्यासाठी राष्ट्रीय नवोपक्रम व स्टार्टअप धोरण जाहीर झाले. हे धोरण बारकाईने वाचण्यासारखे आहे. उद्योग करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला उपस्थितीत सवलत द्यावी, शिक्षणात खंड घेऊ द्यावा, संस्थेच्या पत्त्यावर कंपनी नोंदवू द्यावी. अध्यापकाला उद्योगासाठी रजा द्यावी. संस्थेने वार्षिक अंदाजपत्रकाचा किमान १ टक्का या कामी ठेवावा. सोयीसुविधांच्या बदल्यात संस्थेने विद्यार्थ्याच्या कंपनीत २ ते ९.५ टक्के भाग घ्यावा. तरतुदी चांगल्या आहेत. वाचताना मात्र सतत जाणवते की लेखकांच्या डोळ्यांपुढे वसतिगृह, प्रयोगशाळा व माजी विद्यार्थ्यांचे भांडवल असलेली तंत्रशिक्षण संस्था आहे. अनुदानित कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयात वेतन शासनाचे असते; ते वगळल्यावर उरणाऱ्या रकमेच्या १ टक्क्यात काय होईल, याचा हिशेब आपल्यापैकी कोणीही पाच मिनिटांत करू शकेल. आणि कापूस, सोयाबीन व तुरीवर जगणाऱ्या तालुक्यात मुलाच्या डोक्यात जी कल्पना असते ती बहुधा डाळ, पशुखाद्य, मसाला किंवा शेती-अवजारांच्या दुरुस्तीची असते. तिला कंपनी लागत नाही. तिला भाग घेणारा भागीदारही नको असतो. तिला हिशेब समजावून सांगणारे माणूस हवे असते.

येथे एक अनुभव नोंदविणे आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाकडे वाणिज्य शाखेचा एक विद्यार्थी आला. त्याला गावात छोटी डाळ गिरणी टाकावयाची होती. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातून कर्ज घ्यावे, असे ठरले. प्रकल्प अहवालाचा छापील नमुना उपलब्ध होता. त्यात यंत्राची किंमत, मजुरी, वीज यांचे आकडे भरले, वर्षाचे ३०० कामाचे दिवस धरले, महिन्याभराचे खेळते भांडवल दाखविले आणि नफा काढला. अहवाल देखणा झाला. आठवड्याने तो विद्यार्थी वडिलांना घेऊन आला. त्यांनी अहवाल हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि विचारले, "सर, कागद तर चांगलेच दिसायलेत. पण रान गहाण टाकू का नको, तेवढं सांगा."

प्रस्तुत लेखकाने उत्तर दिले, "ते बँक पाहून घेईल."

या उत्तरात दोन दोष होते आणि दोन्ही अज्ञानाचे होते. पहिला असा की, सूक्ष्म व लघु उद्योगांना दिल्या जाणाऱ्या १० लाख रुपयांपर्यंतच्या कर्जास तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा निर्देश २०१० पासूनच होता आणि या प्रकल्पाची रक्कम त्या मर्यादेच्या आत होती. वर्षानुवर्षे वाणिज्य शिकविणाऱ्या अध्यापकाला तो निर्देश त्या दिवशी ठाऊक नव्हता. दुसरा दोष अहवालातच होता. तूर वर्षभर थोडी थोडी बाजारात येत नाही. साधारणतः जानेवारीपासून दोन-तीन महिन्यांत शेतकरी ती विकून मोकळा होतो. ज्याला वर्षभर गिरणी चालवायची आहे त्याला त्या हंगामातच माल भरून ठेवावा लागतो. म्हणजे खेळते भांडवल एका महिन्याचे नव्हे, आठ-नऊ महिन्यांचे हवे. नमुन्यातील रकान्यात ते बसत नव्हते म्हणून आम्ही ते विचारातच घेतले नाही. शिवाय या योजनेतील अनुदान हातात पडत नाही. ते तीन वर्षे बँकेत ठेव म्हणून राहते आणि नंतर कर्जात वळते होते. वडिलांची समजूत अशी होती की अनुदानातून तूर भरता येईल. ती समजूत कोणी दुरुस्त केली नाही. पुढे त्यांनी अर्जच केला नाही. मुलगा चाकणला कामाला गेला. रान वाचले, गिरणी झाली नाही. यांतील कोणता परिणाम योग्य ठरला असता, हे आजही निश्चित सांगता येत नाही. पण तो निर्णय त्या कुटुंबाने आमच्या मदतीने घेतला नाही, आमच्यावाचून घेतला.

त्या वर्षी संबंधित विद्यार्थ्याचे नाव 'मार्गदर्शनाचा लाभ घेतलेले विद्यार्थी' या तक्त्यात होते, हेही सांगितले पाहिजे.

कारण आपल्याकडे मोजले जाते ते हेच. नवोपक्रम परिषदेचे कामकाज तिमाही कार्यक्रमपत्रिकेवर चालते. कार्यक्रम झाला की अहवाल व छायाचित्रे संकेतस्थळावर चढवायची आणि त्यावरून महाविद्यालयाला तारे मिळतात. मूल्यांकनाच्या वेळी हीच कागदपत्रे धारिकेत जातात. व्याख्यानाची नोंद करता येते. विद्यार्थ्याबरोबर तीन वेळा बँकेत जाऊन बसल्याची नोंद कोणत्या रकान्यात करावी? पदोन्नतीच्या अर्जात तिला जागा सापडत नाही. परिणामी, समन्वयकाचे पद हे वर्गाध्यापन, परीक्षा, राष्ट्रीय सेवा योजना आणि मूल्यांकन समिती यांच्या जोडीला आणखी एक पद म्हणून कोणाच्या तरी नावे लिहिले जाते. ज्याच्या नावे ते येते तो बहुधा कनिष्ठ असतो. अनेकदा तो तासिका तत्त्वावर असतो. त्याची नेमणूक सत्रापुरती आणि विद्यार्थ्याची गरज पाच वर्षांची. पदवी घेतल्यानंतर दुसऱ्या वर्षी, हप्ता थकल्यावर जेव्हा तो माजी विद्यार्थी महाविद्यालयाच्या फाटकाशी येतो तेव्हा त्याला ओळखणारे कोणी तेथे उरलेले नसते.

बाहेरच्या सल्लागारांची स्थिती निराळी आहे, बरी आहे असे नाही. समितीच्या फलकावर शहरातील उद्योजक, सनदी लेखापाल, बँकेचे अधिकारी यांची नावे असतात. त्यांच्या सदिच्छेविषयी शंका नाही. पण विद्यापीठ नांदेडला आहे, जिल्हा उद्योग केंद्र परभणीला आहे आणि विद्यार्थी पालमच्या आसपासच्या खेड्यात आहे. उद्घाटनाला आलेला सल्लागार पुन्हा यावा यासाठी प्रवासखर्चाची तरतूद कोणत्याही शीर्षाखाली सहसा केलेली आढळत नाही.

सल्लागाराला मोबदला दिला म्हणजे प्रश्न सुटतो काय? याचे एक उद्बोधक उदाहरण २०२० च्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत मिळते. या केंद्रीय योजनेने जिल्हा संसाधन व्यक्ती ही नवी भूमिका निर्माण केली. अहवाल तयार करणे, बँकेशी बोलणे, परवाने मिळविणे ही कामे त्याने लाभार्थ्यासाठी करावयाची. मूळ मार्गदर्शक सूचनांनुसार मंजूर झालेल्या प्रत्येक कर्जामागे त्याला २०,००० रुपये मिळतात; निम्मे मंजुरीनंतर आणि निम्मे नोंदणी, प्रशिक्षण व उभारणी पूर्ण झाल्यावर. सल्ला हे कष्टाचे काम आहे व त्याला किंमत आहे, हे शासनाने येथे स्पष्टपणे मान्य केले, म्हणून ही तरतूद स्वागतार्ह आहे. परंतु तिची रचना पाहा. कर्ज मंजूर झाले तरच मोबदला. ज्याने शेतकऱ्याचा हिशेब पाहून "हे करू नका, तुमच्या गावात पुरेसा माल नाही" असे सांगितले त्याला काहीच मिळत नाही. चांगल्या सल्लागाराचे निम्मे काम नकार देण्याचे असते. महाविद्यालयातील अध्यापकाचे वेतन कर्जाच्या मंजुरीवर अवलंबून नसल्यामुळे तो हा नकार निर्भयपणे देऊ शकतो. ही त्याची सर्वांत मोठी पात्रता आहे आणि तिचा उल्लेख उपरोक्त धोरणात कोठेही ठळकपणे केलेला दिसत नाही.

याच जिल्ह्यात निराळी वाट दाखविणारी संस्था आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठात (स्थापना १९७२, २०१३ पासून वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ) अनुभवाधारित शिक्षण हा पदवी अभ्यासक्रमाचा भाग आहे. विद्यार्थी काही महिने एखाद्या उत्पादन घटकावर प्रत्यक्ष काम करतात, माल तयार करतात, विकतात, हिशेब ठेवतात. या पद्धतीतही यांत्रिकपणा शिरतो, अशी तक्रार तेथील अध्यापकांच्या बोलण्यात येते. तरीही मूलभूत भेद राहतोच. तेथे यंत्र आहे, ते चालविणारा तंत्रज्ञ आहे, बिघडले तर दुरुस्त करणारा आहे; विद्यार्थ्याला माल खराब झाल्याचा अनुभव संस्थेच्या खर्चाने घेता येतो, बापाच्या रानाच्या खर्चाने नव्हे. कृषी विद्यापीठ आणि नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ या दोहोंच्या करारांची छायाचित्रे पाहून समाधान मानण्यापेक्षा, पालमचे दहा विद्यार्थी एका हंगामापुरते परभणीच्या प्रक्रिया घटकावर कसे बसविता येतील आणि ते त्यांच्या कार्यस्थळ प्रशिक्षणाच्या श्रेयांकात कसे धरता येईल, एवढाच प्रश्न घेऊन दोन समन्वयक बसले तरी पुष्कळ होईल.

मराठी उद्योजकतेच्या इतिहासाकडे आपण चरित्रनायकांच्या बाजूने पाहतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये अध्यापक होते, डावलले गेल्यावर त्यांनी नोकरी सोडली, बेळगावी सायकलींच्या दुकानापासून आरंभ केला, लोखंडी नांगर काढला आणि तो पहिल्यांदा विकला जाण्यास दोनेक वर्षे लागली. हे आपण वर्गात सांगतो. १९१० मध्ये औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जागा व भांडवल दिले नसते तर किर्लोस्करवाडी उभी राहिली नसती, हेही कधी कधी सांगतो. मंगेशराव रेगे यांचे नाव मात्र सांगत नाही. ते कारकून होते आणि कारखान्याचे हिशेब त्यांच्याकडे होते. याच कारखान्याचे नांगर विकत फिरलेले भाऊराव पाटील पुढे रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक झाले. 'कमवा आणि शिका' ही कल्पना बाजार पाहिलेल्या माणसाची होती. आज ती योजना बहुतेक ठिकाणी कार्यालयात धारिका लावण्याची व बागेला पाणी घालण्याची योजना झाली आहे, हे खेदाने नमूद करावे लागते.

प्रत्येक महाविद्यालयाच्या कार्यालयात एक मंगेशराव असतो. तो लेखापाल असेल, मुख्य लिपिक असेल. वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे, बँकेचा पत्रव्यवहार, निविदा, दरपत्रके ही त्याची रोजची कामे आहेत. ग्रंथपालाकडे शासन निर्णय व वर्तमानपत्रे येतात. प्रयोगशाळेतल्या सहायकाला मोटार का जळते ते ठाऊक असते. आपल्या कोणत्याही उद्योजकता कक्षाच्या यादीत यांची नावे नाहीत. शिक्षकेतर कर्मचाऱ्याला 'मार्गदर्शक' म्हणणे आपल्या श्रेणीबद्ध मनाला रुचत नाही, हे त्यामागचे खरे कारण असावे. प्रस्तुत लेखकाला रिझर्व्ह बँकेच्या त्या निर्देशाची माहिती नंतर मिळाली ती कोणत्याही कार्यशाळेत नव्हे. महाविद्यालयाच्या कार्यालयात, मार्चअखेरच्या गडबडीत, शिष्यवृत्तीची देयके तपासता तपासता लेखापालांनी ती सहज सांगितली; त्यांच्या पुतण्याने पिठाच्या गिरणीसाठी कर्ज घेतले होते. डाळ गिरणीचा अहवाल त्यांच्या टेबलापासून दोन खोल्या पलीकडे तयार झाला होता. तो त्यांना दाखवावा, असे त्या वेळी कोणाच्या मनातही आले नव्हते.