पॉलिम्नेस्टरचा आणि फुलपाखराचा संबंध काय?

प्रबंधाचं पहिलं प्रकरण लिहायला बसलात की शास्त्रीय नावाचा अर्थ सांगायचा मोह होतोच. मलाही झाला. महाराष्ट्राचं राज्य-फुलपाखरू ब्लू मॉरमॉन, शास्त्रीय नाव पॅपिलिओ पॉलिम्नेस्टर. त्याच्याबद्दल मी ऐटीत लिहिलं होतं, 'राजेशाही रूपामुळे या फुलपाखराला एका ग्रीक पुराणकथेतल्या राजाचं नाव देण्यात आलं.' गाईडनी समासात तीनच शब्द लिहिले: 'हे कुठे वाचलंस?'

कुठेच नाही. वाक्य छान वाटलं म्हणून लिहिलं.

मग कथा नीट वाचली, तर हा पॉलिम्नेस्टर थ्रेसचा राजा. ट्रॉयच्या प्रायमने आपला धाकटा मुलगा पॉलिडोरस आणि सोबत सोनं त्याच्याकडे सुरक्षित ठेवायला दिलं. ट्रॉय पडल्यावर याने सोन्यासाठी त्या पोराला मारलं. पुढे पोराच्या आईने, हेक्युबाने, सूड म्हणून याची मुलं मारली आणि याचे डोळे फोडले. कसलं राजेशाही रूप! हे नाव 1775 मध्ये पीटर क्रेमर या डच व्यापाऱ्याने दिलं.

आता तुम्ही म्हणाल, काहीतरी कारण असेलच ना? इथेच आपण फसतो. लिनियसने 1758 मध्ये सगळी फुलपाखरं 'पॅपिलिओ' या एकाच प्रजातीत घातली आणि त्यांचे गट पाडले. एका गटाला ट्रोजन योद्धे म्हटलं, दुसऱ्याला ग्रीक योद्धे. ट्रोजन गटाची खूण होती छातीवरचे रक्तासारखे लाल ठिपके. ग्रीक गटाची छाती रक्ताविना. म्हणजे गटाच्या नावामागे निरीक्षण होतं. क्रिमझन रोज या काळ्या-लाल फुलपाखराला त्याने हेक्टर म्हटलं. ते ट्रोजन गटात का, हे त्यावरून कळतं. पण हेक्टरच का, ट्रॉयलस का नाही? तिथे निरीक्षण संपतं आणि नामावळी सुरू होते. नावं भरपूर हवी होती आणि महाकाव्यात माणसं भरपूर होती, एवढंच.

या पद्धतीवर माझा आक्षेप नाही, उलट लक्षात ठेवायला ती सोयीची आहे. आक्षेप आहे तो आपण मागाहून चिकटवलेल्या अर्थांवर. कॉमन मॉरमॉनचंच बघा. लिनियसने पॅमन आणि पॉलिटीस अशा दोन वेगळ्या जाती नोंदवल्या. पुराणकथेत हे दोघे प्रायमचे मुलगे, सख्खे भाऊ. प्रत्यक्षात पॅमन हा नर निघाला आणि पॉलिटीस त्याच जातीची मादी! या मादीची रूपं अनेक, त्यातली काही विषारी फुलपाखरांची नक्कल करणारी, त्यामुळे घोटाळा झाला. वॉलेसने 1865 च्या लेखात हे कोडं सविस्तर मांडलं. समजा एखाद्याने त्याआधी 'भावांसारखं साम्य म्हणून भावांची नावं' असं लिहून ठेवलं असतं, तर ते किती पटण्यासारखं वाटलं असतं!

सगळीच नावं अशी नसतात हेही खरं. अ‍ॅट्रोपा बेलाडोना ही जहाल विषारी वनस्पती, आणि अ‍ॅट्रोपोस म्हणजे आयुष्याचा धागा कापणारी दैवदेवता. हायड्राही तसाच: ट्रेंब्लीने 1740 च्या दशकात त्याचे तुकडे केले तर प्रत्येक तुकड्यातून नवा प्राणी वाढला. डोकं छाटलं की नवी डोकी फुटणारा राक्षसी साप आठवणारच की! पण अशा दोन-चार जुळणाऱ्या नावांमुळेच उरलेल्या शेकड्यांवर अर्थ लादायची सवय लागते.

तुमच्या जातीचं मूळ वर्णन शोधा. हल्लीच्या लेखांत नावाच्या उगमाचा वेगळा परिच्छेद असतो, काम सोपं आहे. जुन्या वर्णनात बहुतेकदा नुसतं नाव असतं. तिथे कारण दिलेलं नसेल तर तुम्हीही देऊ नका. नाव शोभत नाही म्हणून बदलायची सोयही प्राणी-नामकरणाच्या संहितेत नाही, त्यामुळे राज्य-फुलपाखरू खुन्याच्याच नावाने राहणार.

माझ्या प्रकरणात आता त्या जागी 'पॅपिलिओ पॉलिम्नेस्टर, क्रेमर, 1775' एवढंच आहे. पुढचं वाक्य थेट लिंबाच्या पानांवरच्या अळ्यांबद्दल.