पंच, प्रतिस्पर्धी आणि पांढरी रेषा

खिलाडूवृत्ती हा शब्द आपल्याकडे शाळेच्या स्नेहसंमेलनात जितका ऐकू येतो, तितकी ती वृत्ती मैदानावर दिसत नाही. बक्षीससमारंभाला आलेले पाहुणे तो शब्द हमखास उच्चारतात, मुले टाळ्या पिटतात, आणि दुसऱ्याच दिवशी कबड्डीच्या सामन्यात ‘हात लागला’, ‘नाही लागला’ यावरून दोन वर्ग हमरीतुमरीवर येतात. शिट्टी तोंडात धरून त्या दोन वर्गांच्या मधोमध उभे राहण्याचे काम मी पुष्कळ वर्षे केले आहे. त्यामुळे दूरचित्रवाणीवर टेनिसचा सामना रंगात आला आणि खेळाडू तावातावाने पंचाच्या उंच खुर्चीकडे निघाला, की घरातली बाकीची मंडळी चेंडूकडे पाहात असतात आणि मी त्या खुर्चीकडे पाहू लागतो.

दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे भांडणे वाढणे कितपत औचित्याचे, अशी शंका कोणी घेईल. परंतु चकलीतही थोडे तिखट असावेच लागते. आणि भांडणात माणूस जितका उघडा पडतो तितका तो सलोख्यात पडत नाही, हे कादंबरी लिहिणाऱ्याला तरी ठाऊक असते. म्हणून धंदेवाईक टेनिसमधल्या काही गाजलेल्या तंट्यांकडे मी एखाद्या नाटकाकडे पाहावे तसे पाहणार आहे. नाटकात कोण चुकला एवढेच विचारून भागत नाही. रंगमंचावर कोण कोण उभे होते, हेही विचारावे लागते.

या विषयावर बोलताना जुनी माणसे एक कारण ठरलेले देतात. ‘पैसा आला आणि खेळ नासला,’ असे ते म्हणतात. हौशी खेळाडूंचा काळ कसा सोवळा होता, याचे दाखलेही ते देतात. त्यांतला एक खरोखरच सुंदर आहे. 1935 साली डेव्हिस चषकाच्या एका महत्त्वाच्या दुहेरी लढतीत जर्मनीचा गॉटफ्रीड फॉन क्राम आणि त्याचा जोडीदार यांनी अमेरिकेविरुद्ध सामना जिंकला, असे सर्वांना वाटले. तेवढ्यात फॉन क्रामने पंचाला सांगितले, की जोडीदाराने मारण्यापूर्वी चेंडू माझ्या रॅकेटला चाटून गेला होता. दुसऱ्या कोणाच्याही ते ध्यानात आले नव्हते. गुण गेला, आणि पुढे सामनाही गेला. हिटलरच्या राज्यात देशाचा विजय असा हातचा घालविणे ही साधी गोष्ट नव्हे.

दाखला खरा, पण त्यावरून काढलेले अनुमान मला पटत नाही. टेनिसचे दरवाजे धंदेवाईक खेळाडूंना 1968 साली उघडले. त्या वर्षी विम्बल्डन जिंकणाऱ्या रॉड लेव्हरला 2000 पौंड मिळाले. आज विजेत्याला मिळणाऱ्या रकमेपुढे तो आकडा म्हणजे खाऊचे पैसे. पैसा जर खिलाडूवृत्तीचा मारेकरी असता तर 1968 नंतर असा एकही दाखला मिळता ना. पण ते मिळतात. 1982 साली पॅरिसमध्ये फ्रेंच स्पर्धेच्या उपान्त्य फेरीत सतरा वर्षांचा मॅट्स विलँडर अर्जेंटिनाच्या होजे लुईस क्लर्कशी खेळत होता. निर्णायक गुणावर क्लर्कचा फटका बाहेर गेल्याचे पंचाने जाहीर केले. सामना संपला, पोरगा अंतिम फेरीत पोहोचला. पण विलँडर पंचाकडे गेला आणि म्हणाला, चेंडू आत होता. मला असे जिंकायचे नाही. गुण पुन्हा खेळविला गेला. तोही त्यानेच जिंकला, आणि दोन दिवसांनी विजेतेपदही.

नशीब त्याला पावले, म्हणून ही गोष्ट फार गोड वाटते. 2005 मध्ये रोमला अँडी रॉडिकला ते पावले नाही. स्पेनच्या व्हर्दास्कोविरुद्ध विजयाला एक गुण हवा असताना व्हर्दास्कोची दुसरी सर्व्हिस बाहेर दिली गेली. हस्तांदोलनाला हात पुढे करण्याची वेळ. पण रॉडिकने मातीवरची खूण पाहिली आणि चेंडू आत असल्याचे स्वतःच सांगितले. सामना पुढे चालू राहिला आणि रॉडिक तो हरला. बक्षिसाचे पैसे, क्रमवारीतले गुण, सारे त्याच्या एका वाक्याने गेले. तेव्हा पैशाने माणूस बिघडतोच असे नाही. पैशाने माणसाची परीक्षा महाग होते, इतकेच फार तर म्हणता येईल.

आता नाण्याची दुसरी बाजू. टेनिसमधल्या भांडणांचा राजा म्हणजे जॉन मॅकेन्रो. 1981 च्या विम्बल्डनला पहिल्याच फेरीत त्याचा एक चेंडू बाहेर दिला गेला. रेषेवरचा चुना उडालेला मी पाहिला, असा त्याचा दावा. ‘तुम्ही हे गंभीरपणे म्हणूच शकत नाही!’ अशा अर्थाचे जे इंग्रजी वाक्य तो पंचावर ओरडला, ते पुढे इतके प्रसिद्ध झाले, की 2002 साली त्याने आपल्या आत्मचरित्राला तेच नाव दिले. त्याला 1500 डॉलर दंड झाला. त्याच स्पर्धेत बोर्गला हरवून तो विजेता झाला, तरी विजेत्याला प्रथेप्रमाणे मिळणारे सन्माननीय सभासदत्व क्लबने त्याला त्या वेळी देऊ केले नाही.

या माणसाविषयी ज्युलियाँ फारो या फ्रेंच दिग्दर्शकाने केलेला एक अनुबोधपट 2018 मध्ये आला. ‘इन द रेल्म ऑफ परफेक्शन’ हे त्याचे इंग्रजी नाव. 1984 च्या पॅरिस स्पर्धेत घेतलेले जुने चित्रण त्यात वापरले आहे. चित्रपट फार देखणा आहे. मॅकेन्रोची पाठमोरी सर्व्हिस, चेंडूखाली अलगद सरकणारी रॅकेट, हे सारे संथ गतीने पाहताना एखाद्या उत्तम वीणकऱ्याचा हात पाहतो आहोत असे वाटते. परंतु त्यात सुचविलेला एक विचार मला मान्य नाही. तो असा, की मॅकेन्रोला पूर्णतेचा ध्यास होता. त्या ध्यासापोटीच त्याला संताप येई. आणि त्या संतापाच्या इंधनावरच त्याची प्रतिभा पेटत असे. कलावंताच्या तऱ्हेवाईकपणाचे समर्थन करणारा हा युक्तिवाद आपल्याही साहित्यात नवा नाही. घरच्यांना छळणाऱ्या कित्येक थोर माणसांना आपण याच खिडकीतून सोडून दिले आहे.

पण पुरावा काय सांगतो? त्याच 1984 च्या अंतिम सामन्यात मॅकेन्रो लेंडलविरुद्ध पहिले दोन सेट जिंकून बसला होता. तिसऱ्यात एका कॅमेरावाल्याच्या कानावरच्या यंत्रातून येणाऱ्या आवाजाने तो बिथरला, त्या यंत्रात तोंड घालून ओरडला. आणि पुढचे तिन्ही सेट त्याने घालविले. त्या वर्षी तो केवळ तीन सामने हरला, त्यांतला हा एक. फ्रेंच स्पर्धेचे एकेरीचे विजेतेपद त्याला आयुष्यात कधीच मिळाले नाही. उलट, 1980 सालची बोर्गविरुद्धची विम्बल्डनची अंतिम लढत आठवा. चौथ्या सेटचा तो 34 गुणांचा टायब्रेक, 18-16 असा मॅकेन्रोने जिंकलेला. पाचवा सेट बोर्गने घेतला. पण मॅकेन्रोच्या खेळाचे शिखर अनेकजण तिथेच मानतात. आणि त्या दिवशी तो पंचाशी भांडला नाही. बोर्गसमोर तो सहसा भांडतच नसे. मग इंधन कुठले? जिथे प्रतिस्पर्ध्याविषयी आदर होता तिथे प्रतिभा होती आणि संताप नव्हता, एवढेच यातून सिद्ध होते.

‘प्रतिस्पर्धी’ या शब्दापाशी मला वाचकांना थांबवावयाचे आहे. या तंट्यांची वर्णने आपण वाचतो ती खेळाडू आणि पंच अशा दोन पात्रांची. पण रंगमंचावर तिसरे पात्र असते. जाळीपलीकडे एक माणूस रॅकेट हातात धरून मुकाट उभा असतो. त्याचा घाम वाळतो, हात थंड पडतो, मनाची लय तुटते. 1981 साली त्या जागी टॉम गलिकसन होता. ते गाजलेले वाक्य तोंडपाठ असणाऱ्या किती जणांना त्याचे नाव आठवते? आणि गंमत पाहा, 1979 साली न्यूयॉर्कला त्याच जागी खुद्द मॅकेन्रो उभा होता! इली नास्तासेने पंचाशी इतका घोळ घातला, की पंचाने त्याला बाद केले. प्रेक्षकांनी मैदानात पेले आणि डबे फेकले. शेवटी स्पर्धेच्या मुख्याधिकाऱ्याने पंचालाच उठविले, स्वतः खुर्चीत बसून सामना पुढे चालविला. दुसऱ्याच्या संतापात तिष्ठत उभे राहणे म्हणजे काय, हे मॅकेन्रोने भोगले होते.

पुढे नियम कडक झाले. 1990 साली मेलबर्नला मॅकेन्रो आघाडीवर असतानाच बाद झाला, तेव्हा ताकीद, मग गुण, मग सामना अशी तीन पायऱ्यांची शिक्षा नुकतीच लागू झाली होती. पण नियम कडक झाल्याने न्याय सारखा होतोच असे नाही. 2018 च्या न्यूयॉर्कच्या अंतिम सामन्यात सेरेना विल्यम्सचे गाऱ्हाणे नेमके हेच होते. प्रशिक्षकाने प्रेक्षकांतून खुणा केल्याबद्दल पंच कार्लोस रामोस यांनी तिला ताकीद दिली; रॅकेट आपटल्याबद्दल गुण कापला; आणि पंचाला ‘चोर’ म्हटल्याबद्दल पुरा गेम गेला. पुरुष याहून वाईट बोलतात आणि सुटतात, असे तिचे म्हणणे. ते उडवून लावण्याजोगे नव्हते. 2004 साली त्याच स्पर्धेत तिच्यावर उघड अन्याय करणारे निर्णय झाले होते. शिवाय ज्या खुणांवरून हे प्रकरण सुरू झाले, त्या प्रशिक्षकाच्या सूचनांना 2025 पासून नियमानेच मुभा मिळाली. काल ज्याची ताकीद, आज त्याची परवानगी!

तरीही त्या संध्याकाळचे मोल कोणी भरले? जाळीपलीकडे वीस वर्षांची नाओमी ओसाका होती. तिने पहिला सेट 6-2 असा स्वच्छ जिंकला होता, दुसराही जिंकला. जपानला एकेरीचे एवढे मोठे अजिंक्यपद मिळवून देणारी ती पहिली. आणि बक्षीस घेताना प्रेक्षक हुर्यो करीत होते, टोपीच्या झापेखाली ती डोळे पुसत होती. सेरेनाने त्याच वेळी माणसांना शांत राहायला विनविले, हे तिच्या मोठेपणाला शोभेसे झाले. पण तिची तक्रार न्याय्य असली तरी तिचा भार पंचावर न पडता त्या मुलीवर पडला. माझ्या मते खिलाडूवृत्तीची खरी कसोटी इथे आहे. पंचापुढे मान तुकविणे म्हणजे खिलाडूवृत्ती नव्हे. ती आज्ञाधारकता झाली. जाळीपलीकडचा माणूस आपल्या नजरेतून न सुटणे, ही खिलाडूवृत्ती. विलँडरने पंचाला उत्तर दिले, पण पाहिले ते क्लर्ककडे.

आपल्याकडे पंच म्हणजे मुळात पाच. पाचामुखी परमेश्वर असे आपण म्हणतो, कारण एकाच्या तोंडी तो असेल याची आपल्या पूर्वजांना खात्री नव्हती. टेनिसने प्रथम एका खुर्चीला तो मान दिला, भोवती रेषेवर नजर ठेवणारे बसविले. आणि आता यंत्राच्या मुखी परमेश्वर ठेवला आहे. 2006 पासून खेळाडूला यंत्राकडे दाद मागता येऊ लागली. 2025 साली विम्बल्डनने रेषेवरची माणसे अजिबात काढून टाकली. 147 वर्षांची रीत संपली. त्याच वर्षी तिथे पाव्हल्युचेन्कोव्हाच्या सामन्यात कोणाच्या तरी हातून यंत्राचा काही भाग बंद राहिला. प्रतिस्पर्धिनीचा चेंडू ढळढळीत बाहेर पडला, यंत्र गप्प, आणि खुर्चीतल्या पंचाने गुण पुन्हा खेळण्यास सांगितले. तो गेम ती हरली. सामना जिंकली म्हणून बरे.

यंत्राला मी नावे ठेवणार नाही. ते पुष्कळ नेमके असते, तोंड पाहून निकाल देत नाही. परंतु त्याच्याबरोबर एक वस्तू मुकाट्याने गेली, तिची नोंद कोणी घेतली नाही. रोमला रॉडिकने जे केले ते करण्याची संधी आता यंत्राच्या मैदानावर कोणाला मिळणार? चेंडू आत की बाहेर हे सांगण्याचा अधिकार माणसाकडून गेला, तसे स्वतःविरुद्ध खरे बोलण्याचे निमित्तही गेले. भांडण संपले, आणि भांडणाच्या शेजारी राहणारा एक सद्गुणही बेघर झाला.

तो अगदीच निराधार झाला नाही, याचे कारण टेनिसच्याच नियमांत आहे. जिथे पंच नसतो तिथे जाळीच्या आपल्या बाजूचा निर्णय प्रत्येकाने स्वतः द्यावयाचा, आणि शंका आली तर चेंडू आत धरावयाचा, असा तो साधा नियम. म्हणजे संशयाचा फायदा समोरच्याला. जगातले बहुतेक टेनिस असेच, यंत्राविना आणि पंचाविना खेळले जाते. आणि आपल्या गल्लीतली लंगडी, खो-खो, कबड्डी, हीसुद्धा. तिथे धूळ उडते, शिट्टी कधी वाजते कधी वाजत नाही, आणि हात लागला की नाही हे ज्याला लागला त्यालाच ठाऊक असते. विम्बल्डनच्या मुख्य मैदानाच्या दारावर आपल्या मुंबईत जन्मलेल्या किपलिंगच्या दोन ओळी कोरल्या आहेत. जय आणि पराजय सारखेच लेखावेत असा त्यांचा आशय. उपदेश थोर आहे, पण दगडावरचा आहे. ‘मला हात लागला’ असे सांगून आपण होऊन मैदानाबाहेर जाणारा मुलगा तो न वाचताच पाळतो. येत्या सुटीत अंगणात मुलांचे खेळ रंगतील, तेव्हा घरच्या वडीलधाऱ्यांनी कोण जिंकले हे विचारण्याआधी एवढे जरूर पाहावे, की असा एखादा मुलगा त्यांत आहे का. आणि असला, तर तो हरून आला तरी करंजी पहिली त्याच्या हातावर ठेवावी.