इंद्राणीने विचारले म्हणून

तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी राजांनी मराठीत एक कुरवंजी लिहिली आहे, 'देवेंद्र कुरवंजी'. कुरवंजी हा मूळचा तमिळ मुलखातला नाट्यप्रकार. नायिका देवावर किंवा राजावर भाळते, विरहाने झुरते, आणि अशा वेळी डोंगरातली कुरव जमातीची भविष्य सांगणारी बाई, म्हणजे कुरवंजी, दारात येते. ती आधी आपल्या डोंगराचे वैभव गाते, कुठे कुठे हिंडून आले ते सांगते, आणि मग नायिकेचा हात पाहते. सरफोजींनी या साच्यातली नेमकी एक जागा हेरली. कुरवंजीच्या हिंडण्याचे वर्णन हा एरवी तिच्या बढाईचा भाग. त्यात त्यांनी पृथ्वीचा भूगोल आणून बसवला. त्यांची कुरवंजी नायिका इंद्राणीला खंडे आणि देश गाऊन सांगते. जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांच्या हाताखाली शिकलेल्या, १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेल्या राजाला नव्या विद्येचे किती अप्रूप होते ते यातून कळतेच. मला मात्र त्याहून जास्त मोहवते ती त्याची रचनेची समज. शिकवायचा मजकूर कुठे ठेवला तर तो ऐकावासा वाटेल, हे या राजाला नीट उमगले होते.

शाखांची कथा, म्हणजे वाचकाच्या निवडीने वाट बदलणारी कथा, लिहायला निघालेल्या मराठी लेखकाने पहिला धडा इथे घ्यावा असे मला मनापासून वाटते. साधन म्हणून ट्वाइन पुरे. क्रिस क्लिमास यांनी २००९ मध्ये केलेले हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि ब्राउझरमध्येच उघडते. 'ब्लॅक मिरर' मालिकेतल्या 'बँडरस्नॅच' या २०१८ च्या चित्रपटाचा आराखडाही चार्ली ब्रूकर यांनी याच साधनात मांडला होता. कोरा पट, त्यावर एक चौकोन. त्याला पॅसेज म्हणतात. त्यात मजकूर लिहायचा आणि ज्या शब्दावरून वाट फुटायची त्याला दुहेरी चौकोनी कंस घालायचे: [[आणखी सांग]]. कंस पुरा होताच त्या नावाचा रिकामा पॅसेज आपोआप उगवतो आणि दोघांमध्ये बाण येतो. दिसणारे शब्द वेगळे आणि पॅसेजचे नाव वेगळे हवे असेल, तर [[नदीकाठी चला->कावेरी]]. नावे देवनागरीत चालतात. सुरुवात करायला एवढे व्याकरण पुष्कळ झाले. एक सावधगिरी मात्र पहिल्याच दिवशी बाळगावी: ब्राउझरमधून लिहिलेल्या कथा ब्राउझरच्याच साठवणीत राहतात आणि ती पुसली गेली की जातात. रोजचे काम फाइल करून उतरवून ठेवावे.

खरी कसोटी रचनेची. नवा लेखक प्रत्येक पॅसेजला दोन फाटे देत सुटतो. पाच वेळा फाटे फुटले की ६३ पॅसेज लिहावे लागतात आणि एका वाचकाच्या वाट्याला त्यातले सहा येतात. एडवर्ड पॅकार्ड यांचे 'द केव्ह ऑफ टाइम' हे १९७९ चे पुस्तक अशाच फुटत जाणाऱ्या वाटांचे. त्यात मौज आहे, पण एका वाटेला दुसरीची आठवण नसते.

कुरवंजीची ठेवण याच्या उलट आहे. मध्ये हात पुढे केलेली नायिका, भोवती जग. मध्यभागी इंद्राणीचा एक पॅसेज ठेवा, त्यातून दहा देशांकडे दहा लिंक काढा आणि प्रत्येक देशातून परत इंद्राणीकडे या. लिहायचे अकरा पॅसेज, पण दहाही देश पाहण्याचे क्रम होतात ३६,२८,८००. इतकी विपुलता इतक्या थोड्या लेखणीत मिळते, याचा मला प्रत्येक वेळी नव्याने आनंद होतो. अट एकच: परतल्यावर इंद्राणी तीच राहता कामा नये. ट्वाइनला कोणते पॅसेज पाहून झाले ते कळते, आणि त्यानुसार मजकूर बदलता येतो. पहिल्या देशानंतर तिने कुतूहलाने विचारावे, चौथ्यानंतर अधीर व्हावे, सातव्यानंतर तिला आपल्या विरहाचा क्षणभर विसर पडावा. फाटा फुटण्यापेक्षा हे परत येणेच मला रसाचे ठिकाण वाटते. भूगोल सांगणारी कुरवंजी असली तरी नाटक घडते ते ऐकणारीच्या मनात.

काही वाटा दाखवून बंद ठेवण्यातही केवढे नाट्य आहे! झोई क्विन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ट्वाइनमध्ये केलेल्या 'डिप्रेशन क्वेस्ट'मध्ये काही पर्याय काट मारून छापलेले दिसतात. वाचता येतात, निवडता येत नाहीत. खिन्न माणसाला शहाणपणाची वाट दिसते आणि पाय मात्र उचलत नाही, हे त्या एका आडव्या रेघेने सांगितले आहे. विरहिणीच्या पॅसेजमध्ये 'आपणच त्याच्याकडे जा' हा पर्याय असाच काट मारून ठेवला, तर कुरवंजी दारात येण्यापूर्वीच तिची अगतिकता वाचकाच्या बोटाला जाणवेल.

कुरवंजीच्या रूढ साच्यात शेवटी आणखी एक प्रवेश असतो. भविष्य सांगून दागिने मिळवलेल्या कुरवंजीला, म्हणजे सिंगीला, शोधत तिचा नवरा सिंगन येतो. तो पक्षी धरणारा, आणि मनातून जरा संशयी. तिच्या अंगावरचा एकेक दागिना पाहून हे काय, कुठून आणलेस, असे विचारत जातो, आणि ती उत्तरे देत जाते. लिंक म्हणजे काय हे शिकवायला याहून नेमके दृश्य मला माहीत नाही: प्रश्न सिंगनचा, टिचकी वाचकाची, उत्तर सिंगीचे. आता प्रत्येक दागिना एकेका देशाशी बांधून पाहा. सिंहलद्वीप ऐकवले असेल तरच मोत्यांचा सर गळ्यात येईल. ज्या वाचकाने घाईने चारच देश पाहून हात वाचायला घेतला, त्याच्या सिंगनला विचारायला चारच गोष्टी उरतील, आणि ज्याने दहाही पाहिले त्याच्या सिंगीला रात्रभर उत्तरे द्यावी लागतील.