संजीवनीचा धनी : अद्भुतकथेतील वैद्याच्या पात्राविषयी

अद्भुतकथेत वैद्याचे पात्र बहुधा दुय्यम मानले जाते. श्रोत्यांचे लक्ष योद्ध्याकडे असते. वैद्य जखम बांधतो, मंत्र म्हणतो आणि बाजूला होतो. परंतु ज्या कथाविश्वात मेलेला मनुष्य पुन्हा उठू शकतो, त्या विश्वात योद्ध्याहून वैद्याची सत्ता मोठी असते. ती अमर्याद ठेवली तर मरणाला अर्थ उरत नाही आणि मरणाबरोबर कथाही संपते. म्हणून ह्या पात्राची पारख करताना त्याचे सामर्थ्य किती, हे पाहून भागत नाही. त्या सामर्थ्याला कवीने मर्यादा कोणती घातली, हे पाहावे लागते. ह्या दृष्टीने महाभारतातील कचाख्यानाचा व त्याच्या दोन मराठी रूपांचा येथे विचार करावयाचा आहे.

तुलनेसाठी एक आधुनिक उदाहरण घेणे सोयीचे होईल. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन ह्या अमेरिकन रचनाकारांनी १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. खेळणारे टेबलाभोवती बसतात. एक जण जगाचे वर्णन करतो, बाकीचे त्या जगातील एकेका पात्राची भूमिका घेऊन बोलतात आणि संशयाच्या जागी फासे टाकले जातात. त्यात ‘क्लेरिक’ नावाचा एक वर्ग आहे. देवाच्या प्रसादाने तो जखमा बऱ्या करतो व पुढील पायरी गाठल्यावर मृतालाही उठवतो. खेळाच्या कर्त्यांनाही वर सांगितलेली अडचण जाणवली होती. म्हणून त्यांनी क्लेरिकच्या मंत्रांची दिवसागणिक संख्या ठरवली आणि त्याला धारदार शस्त्र निषिद्ध केले. १९७४ च्या नियमांत तर पहिल्या पायरीवर त्याला एकही मंत्र येत नाही. ही मर्यादा चोख असली तरी ती हिशेबाची आहे. मंत्र संपला की वैद्य थांबतो. का थांबावे, हा प्रश्न त्याला नियमाकडून पडत नाही.

आदिपर्वातील आख्यान ह्याच अडचणीपासून सुरू होते. त्रैलोक्याच्या स्वामित्वासाठी देव व असुर झगडत आहेत. रणात पडलेल्या असुरांना शुक्राचार्य संजीवनी विद्येने उठवतात. देवांचे पुरोहित बृहस्पती ह्यांना ती विद्या अवगत नाही. तेव्हा देव बृहस्पतिपुत्र कचाला शुक्राकडे शिष्य म्हणून पाठवतात व शुक्राची कन्या देवयानी हिला प्रसन्न करून घेण्यास सांगतात. असुर कचाला ठार मारतात. प्रचलित पाठानुसार हे तीनदा घडते आणि तिसऱ्या वेळी त्याची राख मद्यात मिसळून शुक्रालाच पाजली जाते.

येथे कवीने घातलेली मर्यादा संख्येची नाही. शुक्र हवा तितक्यांदा हाक मारू शकतो. त्याला बांधून ठेवले आहे ते नात्याने. उठवलेला कच पुन्हा मारलाच जातो, तेव्हा शोक करू नकोस, असे तो मुलीला सांगून पाहतो. तिच्या हट्टापुढे त्याचे चालत नाही. कच पोटातून बाहेर यावयाचा तर शुक्राचे पोट फुटणार. वैद्य स्वतः मेला तर त्याला उठवणार कोण? उपाय एकच उरतो, तो म्हणजे विद्या दुसऱ्याला देणे. शुक्र पोटातल्या कचाला विद्या शिकवतो, कच बाहेर पडतो आणि गुरूला जिवंत करतो. जी विद्या आजवर केवळ एका पक्षाचे बळ होती, ती वाटून घेतल्यावरच तिच्या धन्याचा प्राण वाचला.

पुढचा प्रसंग हीच मर्यादा दुसऱ्या टोकाने दाखवतो. कच देवयानीला नाकारतो; ती तुझी विद्या फळणार नाही असा शाप देते. त्यावर कच म्हणतो की, मला नाही फळली तरी मी जिला शिकवीन त्या व्यक्तीला ती फळेल. एका वाक्यात विद्या व तिचा धनी ही वेगळी होतात. वैद्याच्या पात्राविषयी याहून खोल विचार आपल्या कथापरंपरेत क्वचितच आढळेल.

वैद्य कोणत्या पक्षाचा, हा प्रश्न परंपरेला अन्यत्रही छळत आला आहे. वाल्मीकीचा सुषेण हा रामाच्या बाजूचा वानर आहे. तुलसीदासांच्या रामचरितमानसात मात्र सुषेण हा लंकेतील वैद्य असून हनुमान त्याला उचलून आणतो. शत्रूचा वैद्य शत्रूवर उपचार करतो, हे चित्र उत्तरकालीन कवीला अधिक अर्थपूर्ण वाटले असावे.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर ह्यांचे ‘संगीत विद्याहरण’ १९१३ साली रंगभूमीवर आले. बालगंधर्वांची देवयानी त्यात गाजली. खाडिलकरांनी कथेचा भार मद्यपानावर टाकला. १९०८ साली पुण्यात टिळकांच्या पाठिंब्याने मद्यनिषेधाची चळवळ झाली होती, हे ध्यानी घेता ही निवड समजण्यासारखी आहे. मूळ आख्यानातही शुक्र शुद्धीवर येताच मद्यपी ब्राह्मणाला शाप देतो. म्हणजे खाडिलकरांनी आधार सोडलेला नाही. नाटकाला त्यामुळे एकसूत्रता लाभली, परंतु मोलही द्यावे लागले. शुक्राचे संकट त्याच्या व्यसनाचे फळ ठरले आणि विद्या एकाच पक्षासाठी राखून ठेवण्यातला दोष झाकला गेला. व्यसन सोडता येते. राखून ठेवलेल्या विद्येचा प्रश्न शुद्धीवर असलेल्या वैद्यापुढेही तसाच उभा राहतो.

वि. स. खांडेकर ह्यांच्या ‘ययाति’ (१९५९) कादंबरीत कच भोगासक्त ययातीच्या समोर संयमाचा प्रतिनिधी म्हणून उभा आहे. ही योजना कादंबरीच्या हेतूला साजेशी आहे. तथापि कच जितका तत्त्वज्ञ होतो, तितका त्याच्यातील विद्यार्थी व वैद्य मागे सरतो. ज्याने तीन वेळा मरण पाहून विद्या मिळवली, त्याने ती पुढे कोणाला दिली, हा प्रश्न ह्या मांडणीत अग्रभागी येत नाही.

हा प्रश्न पुराणापुरता आहे असे मात्र नाही. रायगड जिल्ह्यात पेण-रोह्याच्या पट्ट्यात, निडीसारख्या गावांच्या परिसरात, कातकरी व ठाकर वाड्या आहेत. झाडपाल्याचे ज्ञान तेथे पिढ्यानुपिढ्या तोंडी चालत आले. औषध उघड सांगितले की त्याचा गुण जातो, ही समजूत महाराष्ट्रात सर्वत्र परिचित आहे. तिच्यामागे पोटाची काळजी असेल, अपात्र हाताची भीतीही असेल. तिला केवळ अडाणीपणा म्हणून हिणवणे न्याय्य नव्हे. पण न सांगितलेले औषध जाणत्याबरोबर जाते, हेही तितकेच खरे. कचाचे उत्तर ह्या समजुतीच्या नेमके उलट आहे : माझ्या हाताचा गुण गेला तरी चालेल, शिकणाऱ्याच्या हाताला तो येईल.

म्हणून अद्भुतकथेतील वैद्याची समीक्षा करताना त्याने किती जणांना उठवले, हे मोजत बसू नये. खेळाच्या नियमांना ते मोजणे पुरते. वाङ्मयाला विचारावयाचे ते हे की, त्याची विद्या कोणासाठी राखलेली होती आणि ती त्याने कोणाच्या हाती दिली. कचाख्यानाने हे दोन्ही प्रश्न विचारले. त्यावर आधारलेल्या आपल्या उत्तम कृतींनीही ते पुरतेपणी उचललेले नाहीत. ते काम नव्या लेखकासाठी शिल्लक आहे.