चूक, विरेचन आणि निवळणे : ग्रीक समीक्षासंज्ञांची मराठी रूपे

दिल्लीतील द्विभाषिक फलकांवर ‘केंद्रीय’ आणि ‘सेंट्रल’ हे शब्द परस्परांचे भाषांतर म्हणून शेजारी नांदतात. वस्तुतः ते भाषांतर नव्हे. दोन वाटांनी आलेला तो एकच शब्द आहे. ग्रीक ‘केन्त्रॉन’ म्हणजे टोचणारे टोक, बैलाला लावायची पराणी. त्यावरून वर्तुळ काढताना रोवलेले टोक आणि मग वर्तुळाचा मध्य. लॅटिन व फ्रेंचमधून तो इंग्रजीत गेला आणि यवनांच्या ज्योतिषाबरोबर संस्कृतात आला. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ग्रंथांत ‘केंद्र’ आणि ‘होरा’ रुळलेले आहेत. ‘जामित्र’ (ग्रीक ‘दिआमेत्रॉस’) तर ‘कुमारसंभवा’च्या सातव्या सर्गाच्या आरंभी, पार्वतीच्या विवाहमुहूर्ताच्या संदर्भात, कालिदासाने निःसंकोच योजला आहे. परभाषेतील संज्ञा कानाने उचलून आपल्या उच्चारात बसवण्याची ही रीत भारतीय परंपरेला परकी नव्हती.

विसाव्या शतकातील परिभाषानिर्मितीने मुख्यतः दुसरी रीत पत्करली. मध्यप्रांत व वऱ्हाड या द्विभाषिक प्रांताची राजधानी असलेल्या नागपुरात आणि पुढे दिल्लीत डॉ. रघुवीर यांनी जे कोशकार्य केले, त्यामागे एक स्पष्ट सूत्र होते : इंग्रजीला ग्रीक-लॅटिन जे पुरवतात, ते भारतीय भाषांना संस्कृतने पुरवावे, त्या उपसर्गाला हा उपसर्ग, त्या धातूला हा धातू. १९६१ मध्ये दिल्लीत स्थापन झालेल्या वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोगाने मूलद्रव्यांची नावे, मापनाची एकके इत्यादी आंतरराष्ट्रीय संज्ञा लिप्यंतराने ठेवून हा आग्रह बराच सौम्य केला. संकल्पनावाचक शब्दांसाठी मात्र भाषांतराचेच धोरण राहिले. विज्ञानात या धोरणाने फारसे बिघडत नाही. ‘ऑक्सिजन’ या शब्दाच्या मुळाशी ‘आम्ल उत्पन्न करणारा’ अशी चुकीची कल्पना आहे, तरीही त्या वायूचे गुणधर्म त्यामुळे बदलत नाहीत. समीक्षेत तसे नसते. तेथे संज्ञेचे मूळ हाच पुष्कळदा वादाचा विषय असतो आणि भाषांतरकार त्या वादाचा निकाल नकळत देऊन मोकळा होतो.

‘कॅथार्सिस’चे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. इंग्रजीतही हा शब्द उपराच आहे. सामान्य इंग्रज वाचकाला त्यातून आपोआप काहीच उमगत नाही, आणि ही अपारदर्शकताच त्याच्या उपयोगी पडली आहे. ‘काथारॉस’ म्हणजे स्वच्छ. त्यापासून बनलेला शब्द ग्रीकांत मंदिरातील शुद्धीलाही लागू होता आणि वैद्याने दिलेल्या रेचकालाही. ‘पोएटिक्स’च्या सहाव्या प्रकरणात अ‍ॅरिस्टॉटलने तो शोकात्मिकेच्या व्याख्येत वापरला, पण त्याचे स्पष्टीकरण दिले नाही. याकोब बेर्नाइस यांनी १८५७ मध्ये वैद्यकीय अर्थ आग्रहाने पुढे केला. शुद्धीचा अर्थ मानणारी परंपरा त्यापूर्वीची आणि त्यानंतरही टिकलेली. १९६२ मध्ये लिऑन गोल्डन यांनी बौद्धिक स्पष्टीकरणाचा तिसरा पक्ष मांडला. इंग्रजीत हे तिन्ही पक्ष एकाच शब्दाच्या छपराखाली भांडू शकतात.

१९५०च्या दशकात गो. वि. करंदीकरांनी अ‍ॅरिस्टॉटलचे काव्यशास्त्र मराठीत आणले आणि दिल्लीत डॉ. नगेंद्र यांनी ते हिंदीत मांडले. दोन्ही भाषांच्या समीक्षेत पुढे ‘विरेचन’ हा शब्द रूढ झाला. तो पंचकर्मांतील आहे : वमन, विरेचन, बस्ती, नस्य, रक्तमोक्षण. आयुर्वेदाचा गंध त्याला सुटत नाही. म्हणजे ‘विरेचन’ म्हणताच बेर्नाइस यांचा पक्ष जिंकतो, आणि तोही त्यांचे नाव न घेता. नगेंद्रांनी धर्मपरक, नीतिपरक आणि कलापरक अर्थांची चर्चा केली खरी. पण ती चर्चा ज्या शब्दाखाली चालते, तोच शब्द पोट साफ करण्याचा असल्याने इतर अर्थांची बाजू आधीच लंगडी होते. मराठीतील पाठ्यपुस्तकी समीक्षेत तर चर्चाही उरली नाही. भावनांचा निचरा एवढेच उरले.

व्युत्पत्तीच्या अंगाने पाहता येथे एक गंमत आहे. ‘विरेचन’मधील ‘रिच्’ हा धातू रिकामे करणे, सोडणे या अर्थाचा. ‘रिक्त’ त्याचेच रूप. ग्रीक ‘लेइपेइन’ आणि लॅटिन ‘लिंक्वेरे’ हे त्याचे सख्खे भाऊबंद. इंग्रजीतील ‘एलिप्सिस’, ‘एक्लिप्स’, ‘रेलिक’, ‘डेरेलिक्ट’ ही सारी त्याच कुळातील मंडळी. म्हणजे मराठीने ‘कॅथार्सिस’साठी निवडलेला शब्द कुळाने ‘एलिप्सिस’चा नातेवाईक निघतो आणि ‘काथारॉस’शी त्याचे काही नाते दाखवता येत नाही. संस्कृत धातूला ग्रीक धातूचा जोडीदार मानणाऱ्या सूत्राची मर्यादा येथे उघड होते. धातूंची नाती संज्ञांच्या अर्थांशी समांतर चालत नाहीत.

मग पर्याय कोणता? ‘शुद्धी’ हा शब्द महाराष्ट्रात धर्मांतराच्या आणि भाषेच्या चळवळींनी इतका भारला आहे की तो येथे निरुपयोगी आहे. तत्सम शब्दांची फडताळे धुंडाळण्याआधी ‘निवळणे’ या क्रियापदाकडे पाहायला हवे होते. गढूळ पाणी निवळते, आभाळ निवळते, ताप उतरल्यावर माणसाचा चेहरा निवळतो, भांडणानंतर वातावरण निवळते. पाण्यात निवळीचे बी उगाळून घातले की गाळ तळाशी बसतो; तो बाहेर फेकला जात नाही. यात स्वच्छ होणे आहे आणि स्पष्ट दिसू लागणेही आहे. करुणा आणि भय यांचे प्रेक्षकाच्या मनात नेमके काय होते, ती बाहेर जातात की तळाशी बसतात, हा प्रश्न ‘निवळणे’ खुला ठेवते. ‘विरेचन’ तो बंद करते. संज्ञा म्हणून क्रियापदाला प्रतिष्ठा नाही, एवढाच त्याचा दोष.

‘हामार्तिया’च्या बाबतीत हीच चूक अधिक ढोबळपणे घडली. मूळ क्रियापद ‘हामार्तानेइन’, म्हणजे नेम चुकणे. होमरच्या काव्यात भाला लक्ष्यावर न लागता बाजूला जातो तेव्हा ते येते. नव्या करारात त्याचाच अर्थ पाप झाला. इंग्रजी समीक्षेने बराच काळ त्यात स्वभावदोष पाहिला, आणि मराठीने ‘शोकात्म दोष’ असा शब्द घेऊन तीच समजूत कायम केली. वास्तविक नेम चुकतो, वाट चुकते, गाडी चुकते आणि माणूसही चुकतो, हे सारे मराठी एकाच क्रियापदाने सांगते. ‘चूक’ हा शब्द साधा म्हणून मागे पडला. परंतु ईडिपसच्या बाबतीत जे घडते, म्हणजे सद्हेतूने सोडलेला बाण भलतीकडे लागणे, ते ‘दोष’ या शब्दात मावत नाही. ‘दोष’ माणसात असतो, चूक कृतीत.

‘एस्थेटिक्स’चे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. बाउमगार्टेन यांनी १७३५ मध्ये हा शब्द योजला तो ग्रीक ‘आइस्थेसिस’वरून, म्हणजे इंद्रियसंवेदनेवरून. ‘अ‍ॅनेस्थेशिया’ हा शब्दही त्याच मुळापासून आलेला. इंग्रजीत ही भावंडे ओळखू येतात. मराठीत ‘सौंदर्यशास्त्र’ आणि शस्त्रक्रियेपूर्वी देतात ती ‘भूल’ यांचा संबंध कोणाच्या ध्यानी येण्याचे कारण नाही. ‘सौंदर्य’ या शब्दाने विषयच आवळला गेला : कुरूप, बीभत्स, भीषण यांना शास्त्रात जागा मागावी लागली.

या पार्श्वभूमीवर मर्ढेकरांचे लेखन पुन्हा वाचण्याजोगे आहे. ‘सौंदर्य आणि साहित्य’ १९५५ मध्ये प्रसिद्ध झाले. आकाशवाणीच्या सेवेत असलेले मर्ढेकर पुढच्याच वर्षी दिल्लीत वारले. शीर्षकात ‘सौंदर्य’ असले तरी त्यांच्या मांडणीचा पाया संवेदना हा आहे, आणि संवाद, विरोध व समतोल ही लयतत्त्वे त्या संवेदनांच्या रचनेला लागू होतात. ‘आइस्थेसिस’कडे परतण्याचा हा मराठीतील महत्त्वाचा प्रयत्न म्हणावा लागेल. त्यांच्या टीकाकारांशी झालेले वाद मात्र पुष्कळदा ‘सौंदर्य’ या शब्दाच्या रूढ अर्थावरच अडखळले. ज्या कवीने पिपात मेलेल्या उंदरांना मराठी कवितेत आणले, त्याच्या सिद्धांताला सुंदरतेचे शास्त्र म्हणून वाचण्याची वेळ एका भाषांतरित संज्ञेमुळे आली. ते ‘पीप’ही पोर्तुगिजांकडून आलेले, मुळात लॅटिन, त्याचे संस्कृतीकरण करण्याची गरज मात्र कोणाला भासली नाही.