टीका म्हणजे काय, आणि ती कशासाठी?

मराठीत 'टीका' या शब्दाची गंमत आहे. माणसावर टीका केली तर तो रागावतो. ग्रंथावर केली तर ग्रंथाचा मान वाढतो. असं का? जुन्या शास्त्रकारांनी वार्तिकाचं लक्षण केलंय, त्यात याचं उत्तर आहे. मूळ ग्रंथात जे सांगितलं, जे सांगायचं राहिलं आणि जे नीट सांगितलं गेलं नाही, या तिन्हींचा विचार म्हणजे वार्तिक. म्हणजे समजावणं आणि उणं दाखवणं ही एकाच कामाची दोन अंगं झाली.

आता गीतेकडे बघा. श्लोक 700. ज्ञानदेवांनी 1290 मध्ये नेवाशाला त्यांवर सुमारे 9000 ओव्या सांगितल्या. सहाव्या अध्यायात ते कुंडलिनीचं सविस्तर वर्णन करतात. गीतेत तो शब्दसुद्धा नाही! ग्रंथाचं नाव 'भावार्थदीपिका'. सतराव्या शतकात वामनपंडितांनी आपल्या टीकेचं नाव ठेवलं 'यथार्थदीपिका'. भावार्थ की यथार्थ, हा वाद नावापासूनच सुरू होतो.

मग टिळक येतात. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेलं 'गीतारहस्य' 1915 साली प्रसिद्ध झालं. आधीच्या टीकाकारांनी आपापल्या संप्रदायाला सोयीचा अर्थ काढला, हा त्यांचा आक्षेप. म्हणून त्यांनी मीमांसकांची कसोटी लावली: आरंभ काय, शेवट काय, मधे पुन्हापुन्हा काय येतं? आरंभी अर्जुन धनुष्य टाकतो, शेवटी लढायला उभा राहतो. तेव्हा तात्पर्य कर्मयोग. युक्तिवाद भक्कम आहे. पण माझी हरकत अशी की, यातून अर्जुनाने पुढे काय केलं ते कळतं. त्याचा मोह कशाने गेला, ज्ञानाने की भक्तीने, हे त्यातून ठरत नाही. तरी टिळकांनी आपली कसोटी उघड सांगितली, म्हणून तर आज त्यांच्याशी भांडता येतं.

परीक्षेचं गाइड आणि टीका यांत फरक काय? गाइड मूळ धडा वाचायची गरजच ठेवत नाही. टीका आपल्याला मुळाकडे पाठवते. कुणी म्हणेल, 'सर, ज्ञानेश्वरीचं पारायण करणारे किती जण संस्कृत श्लोक वाचतात?' फार थोडे. पण ज्यांना संस्कृतचं दार बंद होतं, त्यांना गीता भेटली ती इथेच. मुळाकडे जाणं म्हणजे श्लोकाकडेच जाणं असं नाही, अर्जुनाच्या प्रश्नाकडे जाणं. पारायणात ओव्या मोजून झाल्या आणि तो प्रश्न एकदाही मनात आला नाही, तर ज्ञानेश्वरीचंसुद्धा आपण गाइडच केलं. चांदीपच्या या श्रोत्यांनी आणि मोबाइलवर ऐकणाऱ्यांनी एवढं तपासून बघावं.